प्रजातिभेद

एका जातीच्या प्राण्याचा जीव दुसऱ्या जातीच्या जिवाहून मोलाचा धरणे म्हणजे प्रजातिभेद. मूळ इंग्रजी संज्ञा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रायडर यांनी १९७० मध्ये घडवली. त्यांचा रोख माणूस आणि इतर प्राणी यांच्यातल्या भेदावर होता. नागपूर जिल्ह्यात, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडलाच्या जंगलांलगत, हा प्रश्न वाघ, रानडुक्कर आणि बैल यांच्यात उभा राहतो.

कायद्यातली उतरंड उघड आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतला वाघ माणसाच्या जिवावर उठला किंवा बरा न होण्याइतका जखमी, आजारी असला, तरच त्याला मारण्याचा आदेश निघू शकतो. तोही पकडणे वा हलवणे शक्य नसेल तर. त्याने गोठ्यातला बैल मारला, एवढे कारण पुरत नाही. दुसऱ्या अनुसूचीतल्या रानडुकराबाबत मात्र उभ्या पिकाची नासाडीही कारण ठरते. वाघ दुर्मिळ म्हणून त्याला जास्त संरक्षण, हा निकष रास्त आहे, पण तो जातीला लागतो. वेदना एकेका जनावराला होते, आणि फासातल्या डुकराला ती वाघाहून कमी होते असे मानायला आधार नाही. डुकरे पुष्कळ आहेत म्हणून त्यांचे हाल चालतील, हा निष्कर्ष त्यामुळेच चुकीचा ठरतो.

याचा कस वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर लागतो. पीक राखायला शेताभोवतीच्या तारेला जोडलेले झटका मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि साधारण सेकंदाला एक क्षणिक झटका तारेत सोडते. डुक्कर बिचकून मागे फिरते, मरत नाही. खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी. वर गेली की डुक्कर खालून घुसते. पावसाळ्यात गवत तारेला टेकून झटका जमिनीत उतरतो, ढगाळ दिवसांत सौर पॅनेल बॅटरी पुरती भरत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुकते आणि झटका जाणवतच नाही. तिथे अधूनमधून पाणी घालावे लागते.

मशीन असे निकामी झाले की रात्र-रात्र जागल करून थकलेला एखादा शेतकरी तारेत थेट लाइनचा करंट सोडतो. हा गुन्हा आहे. सलग प्रवाहाने स्नायू आखडतात आणि जनावर तारेपासून सुटू शकत नाही. तार डुकरासाठी लावलेली असते, पण त्याच धुऱ्यावरून वाघ जातो, शेजाऱ्याचा बैल जातो, पहाटे ओलिताला निघालेला माणूसही जातो. वाघ मेला तर पंचनामा, शवविच्छेदन आणि तपास होतो. डुक्कर बहुधा धुऱ्याकाठीच पुरले जाते.