जीवसंहती आणि हवामान

जीवसंहती : हवामान सारखे असले की एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या प्रदेशांतही वनस्पतींची ठेवण सारखी होते आणि तिच्या आधाराने जगणाऱ्या प्राण्यांची राहणीही. अशा विस्तीर्ण सजीवसमूहाला जीवसंहती म्हणतात. वर्षावन, पानझडी वन, सॅव्हाना (विरळ झाडांचे उष्ण गवताळ रान), वाळवंट, स्टेप (समशीतोष्ण भागातले गवताळ मैदान), तैगा (उत्तरेकडचे थंड, सूचिपर्णी वन) आणि टंड्रा (ध्रुवाजवळचा वृक्षहीन प्रदेश) या तिच्या ठळक तऱ्हा. जीवसंहती ओळखताना जातींची नावे बाजूला ठेवावी लागतात. झाडे उंच आहेत की खुरटी, पाने रुंद की सुईसारखी, वर्षभर टिकणारी की झडणारी, झाडांच्या मधल्या जागेत गवत वाढते की नाही, एवढे पाहिले की पुरते.

याचा एक पुरावा आपल्या बोलीतच सापडतो. शेताच्या कुंपणावरच्या दोन वेगळ्या काटेरी झाडांना आपण निवडुंगच म्हणतो. त्रिधारी निवडुंगाची फांदी मोडली की पांढरा चीक वाहू लागतो. फड्या निवडुंगाचा फड मोडला तर नुसता बुळबुळीत रस हाताला लागतो. पहिला एरंडाच्या कुळातला. दुसरा अमेरिकेतून आलेला, कॅक्टस कुळातला. दोघांचे नाते फार लांबचे, पण दोघांच्याही पूर्वजांना कोरड्या हवेत दिवस काढावे लागले. पाने नावापुरती उरली, अन्न तयार करण्याचे काम खोडाने उचलले आणि पाणीही खोडातच साठू लागले. लोकांनी रूप पाहून एकच नाव ठेवले ते काही उगीच नाही.

हवामान आणि वनस्पती यांची सांगड प्रथम नीट मांडली ती जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आलेक्सांडर फोन हुम्बोल्ट यांनी. १८०२ मध्ये ते आजच्या इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वतावर चढले. पायथ्याच्या दाट अरण्यापासून बर्फाच्या कडेवरच्या दगडफुलापर्यंत वनस्पतींचे थर कसे बदलत जातात, हे त्यांनी पुढे पर्वताच्या छेदचित्रात दाखवले. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. त्यामुळे विषुववृत्ताजवळचा एखादा उंच पर्वत चढणे म्हणजे काही दिवसांत ध्रुवाकडची वाट चालून आल्यासारखेच असते. पुढे हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर क्योपेन यांनी १९०० मध्ये जगाच्या हवामानाचे वर्गीकरण केले, तेही वनस्पतींच्या आधाराने. पर्जन्यमापक तेव्हा मोजक्याच ठिकाणी होते. झाडे मात्र सगळीकडे होती.

जीवसंहतींचे पट्टे मुळात हवेच्या अभिसरणाने आखले जातात. विषुववृत्तावर तापलेली दमट हवा वर चढून थंड होते आणि तिच्यातला पाऊस तिथेच कोसळतो. ॲमेझॉन, काँगो आणि बोर्निओ इथली वर्षावने या पावसावर उभी आहेत. पाऊस देऊन कोरडी झालेली हवा तिसाव्या अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती तापते, ढग धरत नाहीत आणि खाली सहारा, अरबस्तान, कालाहारी, ऑस्ट्रेलियाचा मध्यभाग अशी वाळवंटे तयार होतात. दक्षिण अमेरिकेतले अटाकामा आणि नैर्ऋत्य आफ्रिकेतले नामिब ही वाळवंटे समुद्राला लागून असूनही कोरडी आहेत, कारण किनाऱ्यालगतचे थंड सागरी प्रवाह हवेला वर चढूच देत नाहीत; तिथल्या वनस्पती बऱ्याच अंशी धुक्यावर जगतात. वर्षावन आणि वाळवंट यांच्या मधल्या पट्ट्यात पाऊस सूर्याबरोबर येतो आणि जातो. ती सॅव्हानाची जागा.

भारतात मोसमी वारे हा हिशेब बदलतात. मक्का आणि नागपूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. मक्केला वर्षाला १०० मिमीच्या आसपास पाऊस होतो, नागपूरला १,००० मिमीहून अधिक. विदर्भात सागाची जंगले आहेत ती या वाऱ्यांच्या कृपेने.

मात्र पावसाच्या आकड्यावरून जंगल ओळखता येत नाही. सायबेरियातील याकुत्स्क आणि राजस्थानातील जैसलमेर या दोन्ही ठिकाणी वर्षाला साधारण २०० ते २५० मिमी पाऊस होतो. याकुत्स्कभोवती लार्च वृक्षांचे दाट तैगा वन आहे, जैसलमेरभोवती वाळू. थंडीत बाष्पीभवन कमी होते, आणि जमिनीखाली कायम गोठलेला थर असल्याने वितळलेले पाणी वरच, मुळांच्या आवाक्यात राहते. पुण्याला लंडनपेक्षा जास्त पाऊस पडतो, पण मार्च उजाडेपर्यंत पुण्याभोवतीच्या टेकड्या पिवळ्या पडलेल्या असतात.

माझ्या मते खरा कळीचा प्रश्न पाऊस किती पडतो हा नसून वर्षातले किती महिने पडतो हा आहे. ॲमेझॉनच्या मधोमध असलेल्या मनाउसला वर्षाला सुमारे २,३०० मिमी पाऊस होतो, महाबळेश्वरला त्याच्या दुपटीहून जास्त. तरी मनाउसभोवती तीस-चाळीस मीटर उंचीचे अरण्य आहे आणि महाबळेश्वरला अंजनी, जांभूळ, हिरडा यांची बुटकी, गुंतलेल्या फांद्यांची राई. महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, उतारावरून वाहून जातो, आणि उरलेले आठ महिने झाडाला पातळ मातीत शिल्लक ओलीवर आणि धुक्यावर काढावे लागतात. त्यात घाटमाथ्यावरचा वारा. भूमध्य समुद्राभोवती पावसाची वेळच उलटी आहे : तो हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथे ऑलिव्हसारखी लहान, जाड, चामड्यासारख्या पानांची झाडे वाढतात. कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचे केप आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य कोपरा इथे हवामान तेच आणि झुडपांची ठेवणही तीच.

महाबळेश्वरहून एसटीने पाचगणीमार्गे वाईला उतरणाऱ्याला हे सारे तीसेक किलोमीटरांत दिसते. वर सदाहरित राई. पाचगणीला पाऊस निम्म्याहून खाली आलेला, पठारावर गवत. घाट उतरून वाईला पोचावे तर पानझडी झाडे, आणि पुढे पूर्वेला माण-खटावकडे गेले की बाभूळ, हिवर, बोर, खैर आणि त्यांच्यामधून पसरलेले माळरान.

या माळरानाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याच्याबद्दलचा गैरसमज फार जुना आहे. जंगल तुटून उरलेली उजाड जमीन अशी त्याची ओळख करून दिली जाते. सरकारी दप्तरात तिची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी असते. काही ठिकाणी जंगल तुटले हे खरे, पण दख्खनचा बराचसा माळ ही सॅव्हाना जीवसंहतीच आहे. हंगामी पाऊस, लांब कोरडा काळ, वणवा आणि चराई अशा चौघांनी मिळून ती टिकवली आहे. वणव्यात कोवळी रोपे जळतात. गवताचा फुटवा जमिनीलगत सुरक्षित राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर वर येतो. जगात वणवे नसते तर सॅव्हानाचा मोठा भाग जंगलाखाली गेला असता, म्हणजे हवामान इथे जंगलाला परवानगी देते पण आग ते होऊ देत नाही. कुसळाचे बी पाहावे. त्याला लांब शेपूट असते. ते ओल लागली की उलगडते, वाळले की पीळ घेते, आणि या फिरण्याने बी मातीत रुतत जाते. मेंढ्यांच्या लोकरीत आणि आपल्या धोतर-पायजम्यात ते रुततेही तसेच. हंगामी कोरडेपणा आणि आग यांच्यासाठी याहून नेमकी तयारी कुठली?

लांडगा, खोकड, चिंकारा, तणमोर आणि माळढोक हे या उघड्या गवताळ जमिनीचे रहिवासी. माळढोक जमिनीवर अंडे घालतो आणि शत्रू दुरून दिसावा म्हणून त्याला मोकळे क्षितिज लागते. सोलापूरजवळचे नान्नज अभयारण्य १९७९ मध्ये त्याच्यासाठी राखले गेले. आज तो तिथे क्वचितच दिसतो. माळावर खड्डे खणून झाडांच्या रांगा लावल्या जातात तेव्हा वनीकरणाच्या नोंदीत हिरवळ वाढते, आणि माळढोकाची अंडी घालायची जागा तेवढी कमी होते.