सलग सहा छापे पडले म्हणून आता काटा येणारच, असं काही नसतं

दहावीच्या बीजगणितात संभाव्यता शिकवताना हे हमखास ऐकायला मिळतं, की नाणं सलग सहा वेळा छापा पडलं ना, मग आता काट्याचाच नंबर, कारण शेवटी दोन्ही सारखेच यायला पाहिजेत. मुलंच कशाला, घरातली मोठी माणसंपण हेच सांगतात. साफ चूक आहे हे. नाण्याला मागचं काही आठवत नाही, सातव्यांदा पण चान्स १/२ च.

मग "शेवटी निम्मे-निम्मे होतात" हे खोटं का? नाही, पण त्याचा अर्थ वेगळाय. जॉन केरिच नावाचे गणितज्ञ दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये कैदेत अडकले होते, तिथे त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवून सगळी नोंद ठेवली (केवढा पेशन्स!). पहिल्या १०० मध्ये छापे ४४, म्हणजे निम्म्यापेक्षा ६ कमी. १०,००० ला छापे ५,०६७, म्हणजे निम्म्यापेक्षा ६७ जास्त. आकड्यातला फरक वाढला बघा, तरी टक्केवारी ४४ वरून ५०.६७ वर आली. नाण्याने मुद्दाम भरपाई केली नाही, भागायची संख्याच एवढी मोठी झाली की फरक त्यात विरून गेला.

शिक्षकांना मनापासून सांगतो, नुसतं सूत्र फळ्यावर लिहू नका. ४० मुलांना प्रत्येकी ५० वेळा नाणं उडवू द्या, २,००० नोंदी होतात, आणि सलग तीन छाप्यांनंतर पुढे काय पडलं तेवढंच मोजायला लावा.