छंदोबद्ध स्तोत्रांतील जुने इंग्रजी शब्द

बायबलमधील १५० स्तोत्रे मंडळीला एकत्र गाता यावीत म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्रजीत जी पद्यभाषांतरे झाली, त्यांतील आज दुर्बोध झालेले किंवा अर्थ पालटलेले शब्द. स्टर्नहोल्ड, हॉपकिन्स व इतरांचा संपूर्ण संग्रह १५६२ मध्ये निघाला. स्कॉटलंडच्या चर्चने १६५० मध्ये स्वीकारलेला पाठ मुख्यतः फ्रान्सिस राउस यांच्या भाषांतरावर, बऱ्याच संस्कारांनंतर, उभा आहे.

सर्वाधिक चर्चा शंभराव्या स्तोत्राची झाली आहे. त्याचे ‘ऑल पीपल दॅट ऑन अर्थ डू ड्वेल’ हे भाषांतर १५६१ च्या सुमाराचे असून जुन्या प्रतींत कर्त्याविषयी एकवाक्यता नसली, तरी ते विल्यम केथ यांचे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्यातील ‘फॉर व्हाय’ म्हणजे ‘कारण’. नंतरच्या अनेक मुद्रणांत त्यापुढे प्रश्नचिन्ह आल्याने सरळ विधानाचा प्रश्न झाला. ‘आपण त्याचे फोक’ (लोक) की ‘फ्लॉक’ (कळप), हा वाद ‘फोल्क’ अशा जुन्या वर्णलेखनातून उद्‌भवला असावा. मूळ हिब्रूत ‘अम्मो’, म्हणजे ‘त्याचे लोक’, असे आहे आणि मेंढरांचा उल्लेख पुढच्याच ओळीत येतो, त्यामुळे ‘फोक’ हाच पाठ ग्राह्य वाटतो. ‘भयाने सेवा करा’ यातील ‘फिअर’च्या जागी १६५० च्या पाठात ‘मर्थ’ (हर्ष) आहे आणि तो मुळाला जवळचा आहे.

अनोळखी शब्द निदान कोश उघडायला लावतो. ओळखीचा शब्द तेवढेही करत नाही. तेविसाव्या स्तोत्रातील ‘वाँट’ म्हणजे इच्छा नव्हे, उणीव. ११९ : १४७ (स्तोत्र : ओळ) मध्ये कवी पहाटेला ‘प्रिव्हेंट’ करतो, म्हणजे तिला अडवत नाही, तर तिच्याआधी उठून धावा करतो. १६ : ७ मधील ‘रेन्स’ हे लगाम नसून मूत्रपिंडे होत, हिब्रू कल्पनेनुसार ती अंतःकरणाचे स्थान.

आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या प्रचलित छंदामुळेही भाषा वाकली. ‘डथ’ (‘डझ’चे जुने रूप), ‘ईक’ (आणखी) यांसारखे शब्द पुष्कळदा केवळ अक्षरपूर्तीसाठी येतात आणि ‘साल्व्हेशन’ची गाताना चार अक्षरे होतात. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने २००३ मध्ये आजच्या इंग्रजीतील नवी छंदोबद्ध स्तोत्रे प्रसिद्ध केली. १६५० चा पाठही गायला जातो.