श्ट्रेसेमान: शंभर दिवसांचा चान्सेलर, सहा वर्षांचा परराष्ट्रमंत्री

वायमार प्रजासत्ताकाचा, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन लोकशाहीचा, विषय निघाला की गुस्टाव्ह श्ट्रेसेमान यांची ओळख 'शांततेचे नोबेल मिळालेले जर्मन मंत्री' एवढ्यावर आटोपते. पहिल्या महायुद्धात हाच माणूस बेल्जियमसारखे प्रदेश गिळायला निघालेल्यांत होता, पाणबुड्यांच्या बेबंद युद्धाचा पुरस्कर्ता होता आणि जर्मन सेनापती लुडेनडॉर्फचा भक्तही होता, हे सहसा सांगितले जात नाही.

जन्म १८७८ चा, बर्लिनचा. वडील बिअर विकत. मुलाने डॉक्टरेटच्या प्रबंधाला विषय घेतला तोही घरचाच: बर्लिनमधला बाटलीबंद बिअरचा धंदा! पुढे त्याची टिंगल करायला विरोधकांना हे आयतेच सापडले. मग ड्रेस्डेनला चॉकलेट कारखानदारांच्या संघटनेत नोकरी, तिथून उद्योगपतींचे राजकारण आणि १९०७ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, राइश्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, प्रवेश. माझ्या मते पुढचा मुत्सद्दी या कारखानदारांच्या बैठकांतच घडला. समोरच्याला काय हवे आहे ते ओळखायचे आणि आपल्याला काय परवडते तेवढेच मागायचे.

१९१८ च्या पराभवानंतर त्यांनी जर्मन पीपल्स पार्टी काढली. मनाने राजेशाहीवादी असलेले श्ट्रेसेमान प्रजासत्ताकाकडे आले ते हिशेब करून, हळूहळू.

ऑगस्ट १९२३ मध्ये ते चान्सेलर झाले तेव्हा युद्धभरपाई थकल्यामुळे रूर खोरे, जर्मनीचा कोळसा-पोलादाचा पट्टा, फ्रेंच-बेल्जियन फौजांच्या ताब्यात होते. तिथे निषेध म्हणून संपावर बसलेल्या कामगारांना पोसायला सरकार नोटा छापत होते. हा असहकार २६ सप्टेंबरला त्यांनी मागे घेतला. उजव्यांनी 'गद्दार' म्हटले, पण दुसरा मार्ग नव्हता. नोव्हेंबरमध्ये नवे चलन आले: एक लाख कोटी जुन्या मार्कांना एक रेंटनमार्क. म्युनिकमधला हिटलरचा उठावही त्याच महिन्यात फसला. मात्र सॅक्सनी प्रांतातल्या डाव्या सरकारवर लष्कर घातल्याने सरकारातले सोशल डेमोक्रॅट बिथरले आणि २३ नोव्हेंबरला सरकार पडले.

परराष्ट्र खाते मात्र मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. १९२४ ची युद्धभरपाईचे हप्ते ठरवणारी डॉज योजना, १९२५ चा सरहद्दींविषयीचा लोकार्नो करार, १९२६ मध्ये राष्ट्रसंघाचे सदस्यत्व आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियाँ यांच्यासोबत नोबेल. लोकार्नोत खरी मेख आहे. फ्रान्स-बेल्जियमकडची सरहद्द जर्मनीने मान्य केली; पोलंडकडची केली नाही, तिथे फक्त लवादाचे करार. १९२५ मध्येच जर्मनीच्या माजी युवराजाला श्ट्रेसेमान यांनी लिहिलेल्या पत्रात डावपेचांनी काम साधण्याची भाषा आहे. ते पत्र त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले आणि 'हा माणूस शेवटपर्यंत ढोंगी होता का?' हा वाद सुरू झाला. मला तो ढोंगी वाटत नाही. जर्मनीचे गेलेले स्थान परत हवेच होते, फक्त ते युद्धाने मिळणार नाही हे त्याला कळले होते.

ऑगस्ट १९२९ मध्ये हेगच्या परिषदेत ऱ्हाइनलँड, म्हणजे युद्धानंतर परक्या फौजांनी व्यापलेला ऱ्हाइन नदीकाठचा जर्मन प्रदेश, ठरल्यापेक्षा पाच वर्षे आधीच मोकळे करायचे ठरले. प्रकृती तोवर पार ढासळली होती. २ ऑक्टोबरला बेकारी विम्याच्या प्रश्नावर स्वतःच्याच पक्षाच्या खासदारांना समजावून ते घरी आले आणि ३ तारखेच्या पहाटे पक्षाघाताने गेले. वय ५१.

शेवटचे फ्रेंच सैनिक ऱ्हाइनलँडमधून बाहेर पडले ते ३० जून १९३० रोजी. त्यानंतर अडीच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या.