वरकस, पडीक आणि अकेशिया : पार्श्वभूमी

कोकणच्या बोडक्या उतारावर गुरं आणि वणवा थांबला की आधी धायटी, रामेठा, करवंद आणि तोरण येतात. पाठोपाठ कुडा आणि चांदाडा. करवंदीच्या काट्यांत गुरांचं तोंड पोचत नाही, म्हणून किंजळ-ऐनासारख्या मोठ्या झाडांची रोपं तिथेच तगतात. वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीतल्या शेतीचा हिशेब या पुन्हा उगवण्यावरच होता. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक किंवा तीळ. त्यानंतर काही वर्षं जमीन टाकायची. त्या काळात वाढलेलं रान राबाला, म्हणजे रोपांचा वाफा भाजायला, उपयोगी पडायचं.

घोळ आहे तो ‘पडीक’ या शब्दात. शेतकऱ्याच्या लेखी पडीक म्हणजे विसाव्याला टाकलेली. सरकारी दप्तरात त्याच शब्दाचा अर्थ निरुपयोगी असा झाला. १९८५ नंतर देशभर पडीक जमीन विकासाची मोहीम निघाली तेव्हा झुडपांखाली सावरत असलेले उतारही रिकामे धरले गेले. (कातळसड्यांचंही, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांचंही, तेच झालं. सडा मुळात उघडाच असतो, तिथे झाडं लावून काही सुधारायचं नसतं.)

सामाजिक वनीकरणात लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया कागदावर बिनचूक होता. गुरं खात नाहीत, जांभ्यात तगतो, मुळांवरच्या गाठींतून नत्र देतो, भराभर वाढतो. म्हणजे कुंपण आणि राखणदाराचा खर्च वाचला. निवडीमागचं खरं कारण बहुधा हेच. पण आधी येणाऱ्या झाडाने पुढच्याला जागा द्यायची असते. अकेशियाची चिवट पानं लवकर कुजत नाहीत, खाली थर साचतो, आणि एप्रिलमध्ये तोच थर पेटतो. त्याच्या बियांचं कवच टणक असतं, आचेने ते फुटतं. त्यामुळे वणव्यानंतर पुन्हा अकेशियाच उगवतो.

१९९० पासून रोजगार हमीतून फळबागा आल्या, आणि काजू-आंब्यासाठी उरलेली करवंदं-धायटीही साफ झाली. आता तर सरळ जेसीबी फिरतो. पातळ मातीखालचा कातळ न फुटता खड्डा झाला तर पावसात त्याची टाकी होते. मुळं कुजतात, आणि जे रोप वाचतं ते मार्चमध्ये होरपळतं.

सध्या काही ठिकाणी याच्या उलट, आधी झुडपं राखून मग झाडं लावायची, असं काम चालतं. गवत वाळलं की होळीच्या आत हद्दीभोवती तीन मीटरचा जाळपट्टा (वणवा अडवायला गवत आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी) काढायचा आणि निदान तीन पावसाळे चराई बंद ठेवायची. करवंदीची जाळी तोडायची नाही, किंजळीचं रोप तिच्या उत्तरेच्या कडेला लावायचं, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला दुपारची सावली मिळते. रानमोडी हे बाहेरून आलेलं, माजणारं झुडूप मात्र फुलण्याआधी, दिवाळीपूर्वी, मुळासकट उपटायची. नुसती कापली तर बुंध्यातून दुप्पट फुटते.

माती फारच गेली असेल तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावतात. जूनमध्ये मीटरभर लांबीचे पक्व फाटे खोचले की लागतात, पण फाट्याची मुळं वरवर राहतात आणि उतारावर झाड कलंडतं. तिथे बियांपासून केलेलं रोपच हवं. पुढे दर पावसाळ्यात मीटरभर उंचीवर छाटून पाला तिथेच पसरायचा. छाटणी राहून गेली तर दोन वर्षांत सावली दाटते आणि खालची किंजळ खुरटते.