रस्ता कुणासाठी? नागपूर आणि गाड्यांची आठ दशके

नागपूरकरांना आपल्या रुंद रस्त्यांचा अभिमान आहे, आणि तो रास्तही आहे. पण या रस्त्यांनी आणि त्यांवर आलेल्या गाड्यांनी शहराची राहणी कशी बदलली, हे समजून घ्यायचे तर डिसेंबर 1943 पर्यंत मागे जावे लागते. महायुद्ध सुरू असताना देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. या परिषदेतून निघालेला 20 वर्षांचा आराखडा स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही ‘नागपूर प्लॅन’ म्हणून शिकतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग, ग्राममार्ग ही आपल्या तोंडी रुळलेली विभागणी त्याच आराखड्याची.

त्याआधी रस्ते बहुतेक स्थानिक संस्थांच्या गळ्यात होते आणि त्यांच्याकडे पैसा नव्हता. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीवरून 1929 पासून पेट्रोलवरच्या जादा कराचा पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवला जाऊ लागला. मोटारी मूठभरांकडे असल्या, तरी त्यांच्या इंधनातून सगळ्यांचे रस्ते व्हावेत, हा त्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो.

नागपूर आराखड्याचा जीव खेड्यांत होता. शेतीच्या चांगल्या पट्ट्यातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांपेक्षा दूर राहू नये, असे त्यात ठरले. उद्दिष्ट सुमारे 5.3 लाख किलोमीटरचे होते. 1961 पर्यंत, म्हणजे मुदतीच्या दोन वर्षे आधीच, देशात 7 लाख किलोमीटरहून अधिक रस्ते झाले. गंमत अशी की महामार्ग आणि राज्यमार्ग उद्दिष्टाच्या मागे राहिले. वाढ झाली ती छोट्या रस्त्यांची, जिथून कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बाजाराला यायच्या.

शहरात मात्र गाडी म्हणजे बरीच वर्षे सायकलच होती. मोटारी दिसायच्या सिव्हिल लाइन्समध्ये, अधिकाऱ्यांच्या, वकिलांच्या, खाणमालकांच्या दारात. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा झाला की पाळी सुटायची आणि रस्ते सायकलींनी भरून जायचे. सपाट जमीन आणि नागपूर सुधार प्रन्यासाने 1936 नंतर आखून वसवलेल्या वस्त्या यांमुळे सायकलवर सगळे शहर आटोक्यात होते. गिरणी बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे आणि तिथे लोक कार घेऊन येतात.

पुढचा बदल 1972 च्या लुना मोपेडने आणला. नागपुरात तिचे मोल वेगळेच होते, असे माझे ठाम मत आहे. शाळेतल्या मॅडम, बँकेतल्या, महालेखाकार कार्यालयातल्या बायका कुणी सोडायला येण्याची वाट न पाहता एकट्या बर्डीच्या बाजारात, धरमपेठेत जाऊ लागल्या. पुढे स्कूटी आल्या. तोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळून भर मेच्या उन्हात गाडी हाकणारी मुलगी ही या शहराची ओळख झाली. हे स्वातंत्र्य बायकांना कारने दिलेले नाही, दुचाकीने दिले.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली, आणि 1991 नंतर कर्जावर कार मिळू लागली तशी ती नोकरदारांच्या घरी पोचली. पाठोपाठ घरेच बदलली. महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या वाड्यांत गाडीला जागाच नव्हती. नव्या फ्लॅट स्कीममध्ये तळमजला खांबांवर उभा राहिला आणि तो पार्किंगला गेला. अंगणात बसणारे आजोबा आता दोन बंपरांच्या मधे खुर्ची टाकून बसतात. बेसा, मनीषनगरपर्यंत लेआउट पडत गेले, कारण गाडी आहे तर अंतराचे काय, असा हिशेब झाला. लग्नाच्या बैठकीतही आधी स्कूटर आणि मग चारचाकी बोलली जाऊ लागली. हुंड्याला 1961 पासून कायद्याने बंदी असली तरी गाडी ‘हौसेने’ दिली गेली. ही बाजू लपवण्यात अर्थ नाही.

2000 च्या आसपास शहरातले रस्ते मोठ्या प्रमाणावर रुंद झाले, पुढे सिमेंटचेही झाले. वाहने वेगाने जाऊ लागली. पायी चालणाऱ्याचे हाल मात्र वाढले, आणि उन्हाळ्यात तर फारच. मेमधल्या दुपारी सिग्नल लागला की दुचाकीवाले रेषेच्या बरेच मागे, झाडाच्या नाहीतर पुलाच्या सावलीत थांबतात. पुढे रेषेवर एसी लावलेल्या कार उभ्या असतात. कुणाला काय परवडते, हे तिथे न विचारता कळते.

11 डिसेंबर 2022 ला नागपुरात एकाच दिवशी दोन उद्घाटने झाली: समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा 520 किलोमीटरचा टप्पा आणि मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचा सोहळा. 701 किलोमीटरचा पूर्ण महामार्ग जून 2025 मध्ये खुला झाला. मुंबई जवळ आली हे खरेच. पण या महामार्गावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. वेगाचा विचार करता बंदी योग्यच आहे. तरी ज्या शहरात बहुतेक घरांची गाडी दुचाकी आहे, त्या शहराच्या वेशीवर हा रस्ता सुरू होतो, हे विसरता येत नाही. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली आणि 25 जण गेले, हेही विसरता येत नाही.

मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे काम सुमारे 40 किलोमीटरचे आहे. वर्धा रोडवर तर खाली जुना रस्ता, मधे उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी 3.14 किलोमीटरची, 2022 मध्ये विक्रमी ठरलेली रचना उभी आहे. पण स्टेशनातून उतरलेल्या माणसाला घरापर्यंतचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर ई-रिक्षा शोधावी लागते किंवा मुलाला फोन करून बोलवावे लागते. दूरच्या लेआउटांत शहर बस नेमाने आणि रात्री उशिरापर्यंत पोचत नाही तोवर घरोघरी दुसरी, तिसरी गाडी घेतली जाणारच, आणि त्यासाठी त्या कुटुंबांना बोल लावता येणार नाही.