मिरपूड पळते, जंतू पळत नाहीत

हात धुण्याचं महत्त्व शिकवताना शाळांमध्ये एक प्रयोग हमखास केला जातो. ताटलीत पाणी घ्यायचं, वर मिरपूड भुरभुरायची आणि साबण लावलेलं बोट मधोमध टेकवायचं. मिरपूड झर्रकन कडेला पळते, मुलं टाळ्या वाजवतात आणि साबणाला जंतू कसे घाबरतात ते पाहा, असं त्यांना सांगितलं जातं.

प्रयोग सुंदर आहे, पण तो पृष्ठताणाचा, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ज्या ताणामुळे ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्याचा, आहे. बोटापाशी साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, कडेला तो तेवढाच राहतो, त्यामुळे पाण्याचा वरचा थर कडेकडे ओढला जातो आणि मिरपूड त्याच्याबरोबर जाते. मुलाच्या मनात मात्र एवढंच बसतं की साबण लागला, काम झालं. खरं तर साबणाला वेळ लागतो. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला चिकटतं, दुसरं तेलाला. त्वचेवरच्या तेलकट थरात मळ आणि जंतू अडकलेले असतात. चोळल्यावर साबण तो थर सोडवतो आणि वाहतं पाणी तो घेऊन जातं. फ्लूच्या विषाणूवर तर मेदाचं आवरणच असतं, ते साबणाने फाटतं. निदान २० सेकंद चोळायचं ते यासाठी. अंगठा आणि नखांच्या कडा बहुतेकांच्या सुटतात. हे दाखवायचं असेल तर मुलांच्या हाताला थोडं तेल लावून त्यावर चमकी टाकावी. आधी नुसत्या पाण्याने, मग साबणाने हात धुवायला लावावेत. चमकी कुठे उरली, ते मुलं स्वतःच शोधून काढतात.

आजारांबद्दल शिकवताना आपण मुलांना नियम देतो, कारण देत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. हात धुवा, उघड्यावरचं खाऊ नका, रुमाल वापरा. परीक्षेत मुलं हे सगळं बिनचूक लिहितात आणि बाहेर पडून पेन्सिल चावतात. हाँगकाँगमध्ये मानसशास्त्रज्ञांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवून पाहिलं. सर्दी-फ्लूचे विषाणू शरीरात शिरून वाढतात, त्याला वेळ लागतो, शरीराबाहेर ते फार काळ टिकत नाहीत, अशी जीवशास्त्राची बाजू त्यांना समजावली. नुसती नियमांची यादी शिकलेल्या मुलांपेक्षा ही मुलं खाण्याआधी हात स्वच्छ करण्यात पुढे होती. मला यात नवल वाटत नाही. जंतू कुठून निघतो, कशावरून येतो आणि शरीरात कुठून शिरतो, ही वाट मुलाला कळली की नियम ते स्वतःच बनवतं.

डोळे येण्याचंच पाहा. डोळे आलेल्या मुलाकडे बघितलं की आपलेही डोळे येतात, असं अनेक मुलं ठामपणे सांगतात, मोठी माणसंही सांगतात. नजरेतून काहीच पसरत नाही. या साथींमागे पुष्कळदा अ‍ॅडिनोव्हायरस नावाचे विषाणू असतात आणि ते कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस तग धरतात. मूल खाजणारा डोळा चोळतं, त्याच हाताने शेजारच्याचं खोडरबर घेतं. शेजारी ते वापरतो आणि थोड्या वेळाने स्वतःचा डोळा चोळतो. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, ही वाट अडत नाही. ती अडते हात धुण्याने आणि टॉवेल-रुमाल वेगळा ठेवण्याने.

चेहऱ्याला हात लावू नका म्हणणं सोपं आहे. ऑस्ट्रेलियात वैद्यकीय विद्यार्थ्यांचं व्याख्यानाच्या वेळी निरीक्षण केलं, तेव्हा ते तासाला सरासरी २३ वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत होते, आणि त्यातले ४४ टक्के स्पर्श डोळे, नाक किंवा तोंडाला होते. हे भावी डॉक्टर! लहान मुलांकडून ही सवय सुटण्याची वाट पाहण्यापेक्षा हात स्वच्छ ठेवणं कितीतरी व्यवहार्य आहे.

वाट ओळखायला शिकवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे एकच उपाय सगळीकडे चालत नाही, हेही समजतं. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही. तिथे साबण-पाणीच हवं. गोवराचा विषाणू हवेतून येतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. तिथे हात कितीही धुतले तरी भरवसा लशीचाच, आणि साथ रोखायची तर साधारण ९५ टक्के लोकांनी ती घेतलेली असावी लागते. सर्दी घडवणाऱ्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत, म्हणून तिची लस नाही, आणि ती विषाणूंमुळे होते म्हणून प्रतिजैविकांचा तिच्यावर उपयोग नाही. ही औषधं फक्त जिवाणूंसाठी असतात, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट समजतं.

आणि मग शाळांनी स्वतःकडेही पाहायला हवं. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाला बक्षीस देण्याची पद्धत मला मनापासून खटकते. फ्लू झालेलं मूल लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो पसरवू लागतं. तो दिवस कुणाच्याच हातात नसतो. पुढचे दिवस हातात असतात, आणि नेमके तेव्हाच ते मूल बक्षिसासाठी अंगात ताप घेऊन वर्गात येऊन बसतं. ते बक्षीस बंद करावं आणि त्याऐवजी पुन्हा शाळेत कधी यायचं, हे वर्गाच्या भिंतीवर लावावं. ताप औषधाशिवाय उतरून २४ तास झाल्यावर. उलट्या-जुलाब थांबून ४८ तास झाल्यावर. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरल्यावर. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस पूर्ण झाल्यावर. घरी राहिलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास कोण आणि कसा भरून काढणार, हेही त्याच कागदावर खाली लिहावं, म्हणजे पालकांना मुलाला घरी ठेवताना धास्ती वाटणार नाही.